आखाजीचा रस

आंबलेल्या रसाचा वास आला की मला लेकीच्या सासरचं, शिंदखेड्याचं ते अंगण आठवतं. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, लेकींनी माहेरी यायचा सण; त्या साली लेकीला सासरच्यांनी पाठवलं नाही, म्हणून मीच डबाभर रस घेऊन रावेरहून निघाले. नुसते आंबे नेले असते तर ते घरभर वाटले गेले असते आणि तिच्या वाट्याला कोय आली असती. मुलाने तेव्हा टेम्पोत पलंग टाकून फिरायची गाडी केली होती आणि घरचा फ्रिज तिच्यात इन्व्हर्टरवर चालवत होता; डबा त्यातच ठेवला. जळगावात मित्रांना दाखवायला त्याने ती उभी केली. इंजिन बंद, बॅटरीवर पंखा आणि गाणी, वर जो येई तो फ्रिज उघडून बघे. फ्रिजमधला दिवा विझला तेव्हा मी म्हटलं, रस आंबेल. "माय, बंद फ्रिजही चार तास गार राहतो," तो म्हणाला. आम्ही भर उन्हात पोहोचलो. विहीणबाईंनी डबा उघडून हुंगला. "आंबी गया. म्हैसले टाकी दे," त्या सुनेला म्हणाल्या. लेकीने सगळ्यांसमोर उभ्यानेच एक वाटी भरून पिऊन टाकली आणि "गोड आहे" म्हणाली. मुलगा आजही त्या गाडीचं कौतुक सांगतो. मी आखाजीला रस करत नाही.