कल्हई केलेला रेडिएटर

माणसाने रागावू नये असे म्हणतात. असे म्हणणाऱ्यांच्या गाडीचा रेडिएटर कधी गळलेला नसतो.

आमचा गळत होता. म्हणजे नानांचा. नाना हे माझे वडील, गिरगावातले डॉक्टर. आणि गाडी म्हणजे त्यांनी एका पारशी पेशंटकडून घेतलेली, वयाने माझ्याहून मोठी आणि घरात माझ्याहून जास्त मान असलेली एक काळी विलायती वस्तू. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. नानांनी सत्याग्रह केला आणि त्यांची रवानगी ठाण्याच्या तुरुंगात झाली. पोलिसांच्या गाडीत एक पाय ठेवून ते माझ्याकडे वळले. मला वाटले, मुंबईबद्दल काहीतरी बोलतील. नाना म्हणाले, "गाडीला हात लावू नकोस. तुझ्या हातून आजवर एक गोष्ट धड झालेली नाही."

हे सगळ्या वाडीसमोर! मी तेव्हा नोकरी करत होतो. मला मिशा होत्या. त्याच क्षणी मी रागाने ठरवले की नाना सुटतील त्या दिवशी त्यांना त्यांच्याच गाडीतून घरी आणायचे, आणि तेही याच वाडीसमोर.

सुटकेची तारीख कळली तसे मी गाडीवरचे फडके काढले. गाडीखाली तळे साचलेले होते. वरच्या मजल्यावरचा मधू लगेच जिना उतरून आला. मधू गिरणीत पगारपत्रके लिहीत असे. पण यंत्राविषयी तो अशा थाटात बोलायचा की जणू गिरणी त्याच्याच खांद्यावर फिरते आहे.

"जाळी गळतेय," तो वाकून म्हणाला. "काही नाही रे, हळद टाक."

"कशात?"

"जाळीत. गाडीवाले सगळे तेच करतात. हळद फुगते आणि भोक बुजतं. तुझ्या घरात हळद नाही काय?"

आमच्या घरात हळद होती आणि आत्याही होती. आई गेल्यापासून घर आत्याच्या ताब्यात होते. मालवणहून येताना ती दोन गोष्टी बरोबर घेऊन आली होती: स्वतःचा मसाला आणि स्वतःचे मत. मी चमचाभर हळद मागितली. तिने कारण विचारले आणि वाटीभर दिली. (तिच्या हाताला चमचा हे माप ठाऊकच नव्हते.) इंजिन तापले आणि रेडिएटरच्या तोंडातून पिवळेजर्द कारंजे उडाले. माझा सदरा, मधूचे धोतर, समोरच्या बिऱ्हाडाच्या वाळत घातलेल्या चादरी, सगळे पिवळे! वाडीभर फोडणीचा वास सुटला. समोरच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, "लग्न ठरलं वाटतं तुझं?"

मग मी जाहीर केले की रेडिएटर बदलायचा आणि घरीच बदलायचा. गॅरेजवाल्याकडे नेली असती तर वाडीत बातमी झाली असती की याला जमले नाही.

जुना रेडिएटर काढताना गाडीने माझ्याशी जे वर्तन केले ते मी विसरणार नाही. मी गाडीखाली शिरून खालची नळी ओढली. ती काही केल्या सुटेना. मधू वरून म्हणत होता, "जोर लाव की जरा." मी जोर लावला, नळी सुटली आणि आत राहिलेले सगळे पिवळे पाणी माझ्या नाकातोंडात गेले. बोल्ट इतके गंजले होते की मधू घरातून वरवंटा घेऊन आला. त्याने असा काही ठोका घातला की बोल्ट जागच्या जागी राहिला आणि रेडिएटरची मान तुटली.

"बरं झालं," मधू म्हणाला. "तसाही बदलायचाच होता."

नळबाजारापासून चोरबाजारापर्यंत भंगाराच्या दुकानांत पायपीट करून मी त्याच मापाचा दुसरा रेडिएटर पैदा केला. जुनाच, पण न गळणारा. पाणी भरून मी स्वतः खात्री केली होती. तो ओट्यावर ठेवला आणि सुटकेच्या दिवशी सकाळी रबराची नवी नळी आणायला बाहेर पडलो. निघताना आत्याला बजावले, "हे सांभाळ. यातच गाडीचं पाणी राहतं. नानांना आणायचं ते याच्या जिवावर." आज विचार करतो तेव्हा वाटते, यातले एकही वाक्य आत्यापाशी बोलायला नको होते.

परत आलो तर ओटा रिकामा.

"आत्या, रेडिएटर कुठाय?"

"तो काळो डबो? कल्हईक दिलंय."

मला क्षणभर ऐकूच आले नाही. "कशाला दिलास?"

"कल्हईक. चिंच लावन घासलंय, तर आतसून तांबा निघाला. तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवतस आणि कल्हई नको? पाणी कळकता रे बाबा. बापाशीच्या गाडयेक कळकलेला पाणी पाजतलस?"

या युक्तिवादात मला आजतागायत खोट काढता आलेली नाही, आणि माझ्या संतापाचे खरे कारण तेच आहे.

मी धावत सुटलो. वाडीच्या तोंडाशी, भर रस्त्याच्या कडेला कल्हईवाला भाता मारत बसला होता. रेडिएटर हा मुळात डाख लावून जोडलेला असतो, आणि डाख म्हणजे तापवला की वितळणारच. कल्हईवाल्याने आमचा रेडिएटर भट्टीवर ठेवला, तो तापला आणि त्याचा सांधा न् सांधा सुटला. तरी त्या भल्या माणसाने काम सोडले नव्हते. वरची टाकी वेगळी, खालची टाकी वेगळी, दोन्ही आतून आरशासारख्या लखलखीत कल्हई केलेल्या. मधल्या नळ्यांची त्याने शेवग्याच्या शेंगांसारखी जुडी बांधून ठेवली होती.

"याचे तुकडे करायला कोणी सांगितलं होतं?" मी ओरडलो.

"माँजीने बोला बर्तन है," तो म्हणाला.

दुपारी नाना सुटणार होते. तुरुंगाच्या दारात ते माझी वाट बघणार होते आणि मी तिथे नसणार होतो. त्यांनी पोलिसांच्या गाडीत पाय ठेवून काढलेले उद्गार अक्षर न् अक्षर खरे ठरणार होते. माझा तोल गेला.

"तुकडे मला मान्य नाहीत!" मी गरजलो. येणारे-जाणारे थांबले. "होता तसा अखंड पाहिजे मला. एक तुकडासुद्धा सोडणार नाही!"

"बरोबर बोलतोय," गर्दीतून कोणीतरी म्हणाले.

"साब, अब ये जुडनेका नहीं."

"जुडनेका नहीं म्हणजे काय? ते मला सांगू नका. आजच्या आज झालाच पाहिजे!"

"झालाच पाहिजे!" मागून पन्नासएक गळ्यांतून आवाज आला.

मला भरून आले. आयुष्यात प्रथमच रस्त्यावरचे लोक माझ्या बाजूने बोलत होते. मी कल्हईवाल्याच्या पेटीवर चढलो. (पायाखाली काय आहे हे रागावलेल्या माणसाला दिसत नाही.) "कोणी कितीही नाही म्हटलं तरी?" मी विचारले. "झालाच पाहिजे!" लोक म्हणाले. ट्राम थांबली, तिच्यातली माणसे उतरली. पाठीमागच्यांना भट्टी दिसत नव्हती आणि टाक्याही दिसत नव्हत्या. दिसत होता तो फक्त धुऊनही न गेलेल्या हळदीच्या पिवळ्या सदऱ्यातला एक माणूस, संतापाने थरथरणारा. गर्दीतल्या मधूला तर सगळेच ठाऊक होते. पण सगळ्यांत मोठ्याने तोच ओरडत होता.

त्या दिवशी गिरगावात जमावबंदी होती. हे मला हवालदाराने माझा दंड धरल्यावर कळले.

"चला साहेब."

"अहो, मी रेडिएटरबद्दल बोलत होतो."

"सगळे असंच काहीतरी सांगतात. परवाचा म्हणाला, मी कोथिंबीर घ्यायला आलो होतो." पेटीवरून उतरताना मी वरची टाकी उचलून घेतली होती, तिच्याकडे त्याने बघितले. "हे काय, हत्यार?"

"रेडिएटरची वरची बाजू आहे ती."

"छान चकाकतेय," हवालदार म्हणाला आणि गाडीत चढवताना कानाशी पुटपुटला, "बोललात मात्र मनातलं."

इकडे नाना सुटले. दारात माझी वाट बघून कंटाळले आणि बाकीच्या सत्याग्रहींबरोबर लॉरीतून गिरगावात आले. वाडीत पाय ठेवला तो समोर गाडी, जबडा उघडा टाकून बसलेली. ते काही बोलणार इतक्यात आत्या म्हणाली, "गाडयेचा मागसून बघ. झिलाक पोलिसांनी धरून नेल्यानी."

नाना तसेच चौकीवर आले. गळ्यात हार होता. मी बाकावर मांडीत टाकी घेऊन बसलो होतो आणि आत्या, मधू, कल्हईवाला, हळद या सगळ्यांविषयी एकदाच काय ते बोलून टाकायचे असा माझा बेत होता. नानांनी माझ्याकडे नीट बघितले. मग स्वतःच्या गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला.

"मी तुला ओळखलंच नव्हतं रे," ते म्हणाले. "लोक सांगत होते काय बोललास ते. तुकडे मान्य नाहीत म्हणालास. गाडीचं काय मोठंसं, लोखंड ते."

मी तोंड उघडले. नानांचे डोळे ओले होते. असे डोळे मी त्यांच्या चेहऱ्यावर त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते, निदान माझ्यासाठी तरी. मी तोंड मिटले.

पोलिसांनी ताकीद देऊन मला सोडले आणि वाडीने आम्हा दोघांची वाडीतल्या वाडीत मिरवणूक काढली. नाना गेले तेव्हाही माझ्याविषयीचे ते मत बदलायला मी धजलो नाही. आणि आता दर वर्षी एक मेला वाडीची तरुण मंडळी मला खुर्चीवर बसवून शाल घालतात आणि म्हणतात, "काकांनी भर रस्त्यात उभं राहून ठणकावलं होतं, झालाच पाहिजे!" टाळ्या पडतात. मी शाल सावरून रागाने बसून राहतो. त्यांचे ठीक आहे, त्यांचा महाराष्ट्र झाला, मुंबईसकट झाला. पण मी ज्याच्यासाठी आत गेलो तो अजून झालेला नाही.