फरशी कोरडी होती

तीन वर्षं मी सगळ्यांना एकच सांगत आलो, की बायको ओल्या फरशीवरून घसरून पडली. फरशी कोरडी होती.

मी नांदेडच्या एका शाळेत पीटीचा मास्तर. आयुष्यभर शिट्टी वाजवली. मल्लखांबावर पोरगं घाबरलं की मी खालचा हात काढून घ्यायचो. आधार काढला की अंग आपोआप सावरतं, असा माझा ठाम समज. पोरं सावरायची. त्यात माझं काही नव्हतं, त्यांची अंगं कोवळी होती, हे आता कळतं.

बायकोला लकवा मारला, उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा सगळ्यांसमोर बोललो, "सहा महिन्यांत चालवून दाखवतो." मुलीनं लातूरहून विचारलं, "पप्पा, एखादी बाई ठेवायची का?" म्हटलं, "मी मेलोय का?"

मग माझी कवायत सुरू झाली. एक शिट्टी, उठायचं. दोन शिट्ट्या, पाऊल टाकायचं. आधी ती हसायची. तुटक तुटक बोलायची, "मी काय... तुमच्या पाचवीतली पोरगी हाय का?"

तिची एक सवय होती. तिचं माहेर देवणीकडचं. तिकडं शेतातून चाऱ्याचा भारा आणायचा तर एकटीनं डोक्यावर घेता येत नाही. बाई बांधावर थांबते, येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणते, जरा हात लावा. रस्त्यावर कुणीच नसलं की तिची आई वर बघून म्हणायची, "हात लाव रे बाबा," आणि भारा उचलायची. हीसुद्धा पलंगावरून उठायच्या आधी डोळे मिटायची आणि तेच म्हणायची. जड जिभेनं तेवढे चार शब्द म्हणायला तिला लई वेळ लागायचा.

माझा जीव कासावीस व्हायचा. मला ती चुकारपणा करते असंच वाटायचं. एकदा बोललो, "देव येणार हाय का उचलायला? मी हाय ना हितं उभा!" ती म्हणाली, "तुम्ही... दमता."

मी दमत नव्हतो. निदान तेव्हा तसं वाटत होतं.

त्या सकाळी मी वॉकर माळ्यावर टाकला. डॉक्टरांनी अजून पंधरा दिवस वापरा म्हणून सांगितलं होतं. मला वाटलं, आधार हाय म्हणून हिचं अंग सुस्तावलंय. खाला फरशी पुसून गेल्या होत्या. खाला म्हणजे मागच्या गल्लीतल्या, आमच्याकडं कितीतरी वर्षं कामाला. माझ्या मुलीच्या वेण्या त्यांनी घातलेल्या. त्या गेल्यावर पंखा तासभर फिरत होता. फरशीवर पाण्याचा थेंब नव्हता.

बायको पलंगाच्या काठाला धरून अर्धी उठली आणि तशीच थांबली. डोळे मिटलेले. ओठ हलत होते. "हात" एवढंच झालं होतं. मी तिच्या कानापाशी शिट्टी फुंकली. मैदानावर फुंकतो तशी.

ती दचकली. धरलेला हात सुटला. मी शेजारीच होतो, तरी माझा हात पोचला नाही.

खुब्याचं हाड मोडलं. गाडी करून अहमदपूरवरून लातूरला नेलं, मुलगी तिथं होती म्हणून. रस्ताभर बायको कण्हत होती आणि मी शिट्टी खिशात खोल खोल दाबत होतो. दवाखान्याच्या दारात मुलीनं विचारलं, "कसं पडली?" माझ्या तोंडून निघालं, "फरशी ओली होती." आधी ठरवलेलं काही नव्हतं. पण निघालं ते निघालं, आणि मी ते परत घेतलं नाही.

मुलीनं तिथूनच खालांना फोन लावला. काय काय बोलली ते मी शेजारी उभा राहून ऐकलं. आम्ही नांदेडला परतल्यावर खाला दारात आल्या. "सर, फरशी तर सुकली होती ना? मी सोताच बघून गेले."

"ओलीच होती," मी म्हणालो. बायको आत पलंगावर जागी होती. दुसऱ्या दिवसापासून खाला आल्या नाहीत. मी येऊ नका म्हटलं नाही, या असंही म्हटलं नाही.

बायको त्यानंतर उभी राहिली नाही. आता राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. शिट्टी मी शाळेतच ठेवून येतो, आणि घरी कुकरही लावत नाही. कुकरची शिट्टी झाली की तिचा चांगला हात चादर घट्ट धरतो.

तिला मीच उचलत होतो. परवापरवापर्यंत. महिनाभरापूर्वी दुपारी तिला खुर्चीत बसवताना कमरेत चमक भरली आणि आम्ही दोघंही खाली आलो. ती माझ्या हातावर. मला हलता येईना. फोन दुसऱ्या खोलीत. मी सवयीनं मोजायला लागलो, एक, दोन, आणि जोर लावला. परत एक, दोन. अंग ऐकेना. माझ्या ताकदीचा शेवट इतका साधा असेल असं कधी वाटलं नव्हतं.

ती छताकडं बघत होती. म्हणाली, "हात... लाव..." मला म्हणाली की त्याला, कळलं नाही. मग मीही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा. हात लाव रे बाबा. काही झालं नाही. पंखा फिरत होता. परत म्हटलं आणि रडायला आलं. तेव्हा, जे नाव तीन वर्षं टाळलं होतं त्या नावानं मागच्या खिडकीकडं तोंड करून ओरडलो, "खाला! ओ खाला!"

दार नुसतं लोटलेलं होतं. खाला सुनेला घेऊन आल्या. दोघींनी आधी बायकोला उचललं, मग मला. देवानं पाठवलं असं म्हणण्याइतका मी धीट नाही. त्यानं न पाठवायला माझ्याकडं कारणं लई होती.

मी भिंतीला टेकून बसलो होतो. तसाच बोललो, "खाला, फरशी कोरडी होती. मी शिट्टी मारली म्हणून पडली ती."

"फरशीचं मला ठाऊकच होतं, सर," त्या पदर सावरत म्हणाल्या. "तुम्हाला ठाऊक हाय का, तेवढंच इचारायला आले होते त्या दिवशी."

"परत येता का कामाला?"

"आता गुडघे चालत न्हाईत." मग म्हणाल्या, "पोरीला सांगितलं का?"

मी मान हलवली. नाही.

"मग मला कशाला सांगून राहिले?" आणि निघाल्या.

महिना झाला. मुलगी दर रविवारी फोन करते आणि दर रविवारी मी तिला आईनं काय खाल्लं ते सांगतो. उद्या ती स्वतः येतेय, सकाळच्या गाडीनं. ती आईच्या अंगावरून हात फिरवील आणि नेहमीसारखी म्हणेल, "पप्पा, तुम्ही होता म्हणून." तिचं ते वाक्य ऐकून गप्प बसणं मला आता जमणार नाही. आणि बोलणंही जमेल असं वाटत नाही. हे लिहितोय ते बळ आलं म्हणून नाही. तोंडातून आवाज फुटला नाही, तर हा कागद तिच्या हातात द्यायचा आहे.

सकाळी बायकोला बसवायच्या आधी मी आता थांबतो. खालांची सून येते हात लावायला, खालांनीच पाठवलेली. बायको डोळे मिटते. तिचे शब्द पुरे होईपर्यंत आम्ही दोघं उभे राहतो. मीही मनात म्हणतो. वरून कुणी हात लावलाय असं मला अजून एकदाही जाणवलेलं नाही. तिला जाणवतं का, हे विचारायचं धाडस होत नाही.

आज तिचं म्हणून झाल्यावर मी तिला सांगितलं, "उद्या पोरीला खरं सांगणार हाय." तिनं माझ्याकडं बघितलं. मग तिनं डोळे परत मिटले आणि पहिल्या शब्दापासून सुरुवात केली.