मॅडम मीटिंगमध्ये आहेत

माझी धाकटी बहीण पन्नाशीला टेकली तरी घरात तिला अजून छोटीच म्हणतात. तिने उमेदीची सगळी वर्षं एका मोठ्या कंपनीत मोठ्या साहेबांची सेक्रेटरी म्हणून काढली. केबिनच्या दाराशी तिचं टेबल. कोणाला आत सोडायचं आणि कोणाला गोड बोलून वाटेला लावायचं, हे तिचं खरं काम. आलेल्याला नकार मिळायचा, पण अपमान झाल्यासारखं वाटायचं नाही. मी स्वतः हिशेब खात्यातला माणूस, माझ्या 'नाही'ने लोक दुखावतात, म्हणून मला तिचं कौतुक वाटे.

"दादा, सोपं असतं," ती म्हणायची. "नाव विचारल्यावर जो 'त्यांना कळेल' म्हणतो, तो विमा विकायला आलेला असतो. घरचा माणूस नातं सांगतो, कामाचा माणूस काम सांगतो."

मेहुणे अकाली गेले आणि घरात ती आणि तिच्या सासूबाई अशा दोघीच उरल्या. पुढे सासूबाईंना विसर पडू लागला. एकदा गॅसवर दूध ठेवून त्या बाहेर पडल्या, त्या थेट बसथांब्यावर जाऊन बसल्या. शेजारणीने आणून सोडलं. थोरले दीर धावत आले आणि म्हणाले, "आमच्याकडेही दिवसभर घराला कुलूप असतं. एक चांगला वृद्धाश्रम बघून ठेवलाय." छोटी म्हणाली, "मी घरी थांबेन. मी घरी आहे तोवर आई कुठे जाणार नाहीत." दीर म्हणाले, "बघा, जमलं तर उत्तमच."

ते जमवण्यासाठी तिने राजीनामा दिला आणि ती व्हर्च्युअल असिस्टंट झाली. म्हणजे काम तेच, फक्त साहेब दूर कुठेतरी आणि हिचं टेबल स्वयंपाकघराला लागून. मी जन्मभर पगारपत्रकं केलेला माणूस. मी विचारलं, "लेखी काय आहे?"

"ईमेल आहे की."

"ईमेल म्हणजे नेमणूकपत्र नव्हे, छोटे."

"आणि नेमणूकपत्र म्हणजे आईंकडे बघायला माणूस नव्हे, दादा."



तिला एक मॅडम मिळाल्या. घरांची अंतर्गत सजावट करून देणाऱ्या. त्यांचे फोन, ईमेल, भेटीच्या वेळा सगळं छोटीकडे. कामाचा व्याप एवढा, की दुसरं गिऱ्हाईक घ्यायला सवडच उरली नाही. मॅडमचा चेहरा तिने पाहिला तो पडद्यावरच्या गोल फोटोत, तोही गॉगल लावलेला. रोज सकाळी ती इस्त्रीचे कपडे घालून कानाला हेडफोन लावून बसायची आणि सासूबाई समोरच्या खुर्चीत बसून तिला न्याहाळायच्या.

एकदा त्या मला हळूच म्हणाल्या, "भाऊ, ही दिवसभर भिंतीशी बोलते. डॉक्टरकडे मात्र मला नेतात!"

छोटीने हेडफोनवर हात ठेवून म्हटलं, "आई, ऐकू येतंय मला."

"बघा, भिंतीचंही ऐकू येतं तिला!"

तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो. घडी बसली, असं मलाही वाटू लागलं होतं.

एका आठवड्यात मॅडमच्या हातात मोठं काम होतं. त्यांनी बजावलं होतं, कोणालाही माझ्यापर्यंत येऊ देऊ नकोस. त्याच आठवड्यात एका माणसाचे फोन आले.

"कोण बोलतंय?"

"तिला कळेल."

"काय काम होतं?"

"काम काही नाही. मी शहरात आलोय, पाच मिनिटं भेटायचंय."

"मॅडम मीटिंगमध्ये आहेत."

दुपारी पुन्हा तोच आवाज, तेच उत्तर. दुसऱ्या दिवशी शेवटचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "एवढी कामात असते? बरं, बरं." छोटीला तो टोमणा वाटला. विमावाले असे टोमणे मारतात. तिने निरोपही टिपून ठेवला नाही.

चार दिवसांनी मॅडमचा संदेश आला. 'तू ज्यांना परत पाठवलंस ते माझे बाबा होते. मी भांडून घर सोडल्यापासून ते पहिल्यांदाच आले होते. परत गेले. मला आत्याकडून कळलं.' तिने उत्तर लिहायला घेतलं आणि पडद्यावर पासवर्ड मागणारी चौकट आली. नेहमीचा पासवर्ड चालेना; मॅडमनी तो बदलला होता.

छोटीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून तसाच गेलो. म्हटलं, "जाऊन भेट. समोर उभी राहून माफी माग. माणूस समोर दिसला की राग निवतो."

"कुठे जाऊ, दादा? त्यांचं ऑफिस कोणत्या रस्त्यावर आहे तेही मला ठाऊक नाही. ईमेल त्यांच्याच खात्यातला होता, तो आता बंद. त्यांच्या स्वतःच्या नंबरची मला कधी गरजच पडली नाही."

मी सुचवलं, मग गिऱ्हाइकांचा जो नंबर आहे त्यावर कर. तिने माझ्या मोबाइलवरून तो लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडून छोटीचाच रेकॉर्ड केलेला आवाज आला, नितळ, ऑफिसातला. 'मॅडम मीटिंगमध्ये आहेत. कृपया आपला निरोप ठेवा.' शिट्टी वाजली. ती बोलू लागली. तो टोमणा नव्हता मॅडम, मला आता कळतंय, मुलगी कामात आहे याचं त्यांना बरं वाटलं होतं. त्यांचा आवाज थकलेला होता, ते रागावलेले नव्हते. सगळं सांगून तिने फोन खाली ठेवला.

"ऐकतील ना त्या," मी म्हणालो.

"निरोप ऐकायचं काम माझंच होतं, दादा."

त्यानंतर तिने बरीच खटपट केली. अनोळखी लोकांना अर्ज पाठवले, पण आधीच्या कामाची शिफारस मागितली की गाडं अडायचं. मीही दोन-तीन ठिकाणी शब्द टाकला. 'घरून' म्हटलं की लोक विषय बदलत. शेवटी जुन्या कंपनीत स्वागतकक्षात तात्पुरती जागा निघाली. सकाळी लवकर निघायचं, परतायला दिवेलागण.

सासूबाईंना वृद्धाश्रमात न्यायला थोरले दीर गाडी घेऊन आले तेव्हा मी तिथे होतो. ते काही वाईट बोलले नाहीत. उलट आईची औषधं कधी द्यायची ते दोनदा विचारून घेतलं. छोटीने सासूबाईंच्या साड्या बॅगेत रचल्या, स्वेटर वर ठेवला. सासूबाई हौसेने गाडीत बसल्या आणि काच खाली करून म्हणाल्या, "तू नाही येत, सूनबाई?"

"मला ऑफिस आहे, आई."

"मग घरी कोण थांबणार?"

दिरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सीटचा पट्टा शोधून सासूबाईंना लावून दिला आणि दार लोटलं.