तेवढा डेंट राहिला

आमच्या गॅरेजच्या मागे एक ढीग आहे. फुटलेले बंपर, तडा गेलेले हेडलाइट, चेपलेले दरवाजे, काच नसलेले आरसे. नवा पार्ट बसवला की आम्ही गिऱ्हाइकाला विचारतो, "जुना नेणार ना?" गिऱ्हाईक म्हणतं, "उद्या येऊन नेतो." तो उद्या अजून कुणाचाच उजाडलेला नाही. किश्श्यांचंही तसंच झालंय. गाडी चकाचक होऊन घरी जाते आणि ती कशी ठोकली त्याची गोष्ट आमच्याकडेच पडून राहते. बंपर निदान भंगारवाला तरी नेतो, किस्से कोण नेणार, राव!

मी विलास, मूळचा लातूरकडचा. चाकणला हेडलाइट बनवणाऱ्या एका कंपनीत लागलो, शिफ्ट आणि ओव्हरटाइम करून कंटाळलो आणि कुरुळीच्या फाट्याजवळ पत्र्याची शेड टाकून बसलो. इंजिनाला आम्ही हात लावत नाही. फक्त गाडीचं बाहेरचं काम. दिवे, आरसे, बंपर माझ्याकडे आणि डेंटिंग-पेंटिंग सलीमभाईंकडे. सलीमभाई इथलेच, चाकणचे. माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे. मी दुकानाचा मालक आणि ते माझे मालक, असा आमचा हिशोब!

*

आमच्या धंद्यातली पहिली गंमत म्हणजे इतक्या वर्षांत स्वतः गाडी ठोकलेला एकही माणूस आमच्याकडे आलेला नाही. सगळ्यांच्या गाड्या उभ्या असतात आणि सगळ्यांना दुसरंच कुणीतरी ठोकून जातं.

एकदा वाकडहून एक आयटीवाले साहेब आले. पुढचा बंपर मधोमध फाटलेला, एक फॉगलॅम्प लोंबतोय.

"काय झालं, साहेब?"

"काही नाही हो. गाडी उभी होती. कुणीतरी ठोकून पळून गेलं."

सलीमभाई खाली बसले. बंपरच्या फटीत दोन बोटं घातली आणि हळूच एक बाभळीची फांदी बाहेर काढली. काट्यांसकट, हिरवीगार! ती त्यांनी साहेबांच्या हातात दिली आणि अगदी गंभीरपणे म्हणाले,

"साहेब, झाड लई स्पीडमध्ये आलं असंल!"

साहेब आधी लाल झाले आणि मग असे हसले, की पुढे त्यांच्या अख्ख्या सोसायटीच्या गाड्या आमच्याकडे यायला लागल्या.

*

कुरुळीतलं एक तरुण गिऱ्हाईक, आम्ही त्यांना पैलवान म्हणायचो. त्यांनी मोठी काळी गाडी घेतली. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, तोच गाडी माझ्याकडे.

"विलासभाऊ, लाइटी अशा मारायच्या, की गावात दुसरी अशी गाडी दिसली न्हाई पायजे!"

मी पुष्कळ समजावलं. ऐकतील तर पैलवान कसले! टपावर पट्टी, खाली निळी, बाजूला लाल, मागे लुकलुकणारी हिरवी. संध्याकाळी चालू करून बघितलं तर मलाच डोळे मिटावे लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांचे वडील गाडी घेऊन आले. धोतर, टोपी, चेहऱ्यावर प्रचंड शांतता.

"समदं काढून टाका."

"का हो, दादा? पोलिसांनी पकडलं का?"

"पोलीस परवडलं! काल फाट्यावर गाडी लावून वाईच उभा ऱ्हायलो, तर दोन ट्रकवालं येऊन थांबलं. म्हणं, जेवायला काय हाय?"

*

सलीमभाईंची एक सवय होती. पत्रा सरळ झाला की नाही हे बघायला ते त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघायचे. पट्टी सरळ दिसली तर काम झालं, वाकडी दिसली तर अजून बाकी. आमच्या धंद्यात सगळेच असं बघतात. पण सलीमभाईंची नजर घरी जाऊनही सुट्टी घेत नसे. फ्रीज, गॅसची शेगडी, बँकेच्या लॉकरचा दरवाजा, समोर पत्रा दिसला की मान तिरकी झालीच!

त्यांच्या मुलीला भोसरीचं स्थळ आलं. बघाबघी झाली, मग हे सगळे मुलाचं घर बघायला गेले. चहा झाला, शेवया झाल्या. मोठी माणसं बोलत बसली आणि सलीमभाई कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाकडे मान तिरकी करून बघत बसले. शेवटी मुलाच्या वडिलांनी विचारलं, "मग भाईसाब, कैसा लगा?"

"लडका एक नंबर हाय," सलीमभाई म्हणाले, "पण कपाटाच्या दरवाजाला डेंट हाय. काढून देऊ का?"

सोबत आलेल्या त्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला. पण स्थळ जमलं. लग्नाच्या आधी सलीमभाई रबरी हातोडी घेऊन व्याह्यांच्या घरी गेले आणि तो डेंट काढूनच आले. "तो दिसला आन् तसाच सोडला, तर झोप लागत न्हाई, विलास," असं ते मला म्हणायचे. मला तेव्हा ते बोलणं गमतीचं वाटायचं.

*

मग व्हिडिओ बघून गाडी दुरुस्त करायचे दिवस आले. मारुंजीला भाड्याने राहणारा एक पोरगेलासा इंजिनिअर अख्खा बंपर उतरवून, हेडलाइटचा बल्ब बदलून, सगळं परत बसवून माझ्याकडे आला. बल्ब पेटत होता. काम चांगलं केलं होतं, मी कौतुकही केलं.

"मग अडलं कुठं?"

त्याने खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत मूठभर क्लिपा आणि स्क्रू.

"हे उरलेत. कुठले असतील?"

"व्हिडिओत काय दाखवलंय?"

तो बिचारा अगदी कळवळून म्हणाला, "व्हिडिओत उरलेच नव्हते हो!"

*

आता तेही राहिलं नाही. आताच्या गाडीचा दिवा अख्खा बंद डबा असतो. गेला की सगळा डबा बदला. पूर्वी बल्ब बदलताना माणूस बाजूला उभा राहायचा, चहा प्यायचा, पोरांची लग्नं आणि कंपनीतली भांडणं सांगायचा. आता गाडी ठेवून जातो आणि फोनवर फोटो मागतो. मला त्या गप्पांची फार आठवण येते, खोटं कशाला बोलू? सलीमभाई आता अधूनमधूनच येतात. हातात काम नसलं तरी त्यांच्या स्टुलावर बसतात आणि रस्त्यावरच्या गाड्या मान तिरकी करून बघतात.

आमच्या जुन्या गिऱ्हाइकांत सगळ्यात लाडके गायकवाड काका-काकू. राहायला निगडी प्राधिकरणात. काका पिंपरीतल्या एका कंपनीच्या टूलरूममधून रिटायर झालेले. गाडी छोटी, पांढरी. काकूंनी साठीला आल्यावर गाडी शिकायचा हट्ट धरला आणि पहिल्याच आठवड्यात सोसायटीच्या फाटकाच्या खांबाला डावा दरवाजा टेकवला. हँडलच्या खाली तळहाताएवढा खड्डा पडला. त्यानंतर काकूंनी स्टिअरिंग सोडलं आणि डावीकडची सीट धरली.

दर खेपेला निघताना एकच संवाद. काकू काच खाली करून म्हणायच्या, "सलीमभाई, तेवढा डेंट राहिला हं!"

सलीमभाईंचे हात शिवशिवायचे. "साहेब, दहा मिंटाचं काम हाय. काढू द्या की!"

"पुढच्या वेळी!" काका म्हणायचे. "हा माझा पुरावा आहे. ही माझ्या ड्रायव्हिंगला नावं ठेवायला लागली की मी हिला दरवाजा दाखवतो!"

सगळे हसायचे. सगळ्यात मोठ्याने काकू. वर्षानुवर्षं हा खेळ चालला आणि एकालाही त्याचा कंटाळा आला नाही.

मग काकूंना विसर पडायला लागला. आधी नावं गेली, मग रस्ते गेले. गॅरेजमध्ये आल्या की गाडीत गप्प बसून राहायच्या. एकदा गाडी गेल्यावर सलीमभाई रस्त्याकडे बघत म्हणाले, "भाभी डेंटचं बोलल्या न्हाईत आज." त्यानंतर काकू ते कधीच बोलल्या नाहीत.

*

आणि मग तो टेम्पो आला. चाकणच्या चौकातल्या गर्दीत काकांच्या गाडीला मागून धडकला. काका एकटेच होते, सुदैवाने कुणाला लागलं नाही. मागचा बंपर, डिकीचं झाकण, एक टेललॅम्प. गाडी आमच्याकडे ठेवून काका घरी गेले.

मी टेललॅम्प आणायला गेलो होतो. परत येऊन बघतो तर मागचं काम झालेलं, आणि डावा दरवाजा आरशासारखा! त्यात ट्यूबलाइटची पट्टी सरळ दिसत होती.

"सलीमभाई, हे काय केलं?"

"भाभी इतकी वर्सं सांगत होत्या," ते रंगाचे हात पुसत म्हणाले. "आता सांगायच्या राहिल्या, म्हणून काय आमी करायचं न्हाई?"

मलाही बरंच वाटलं.

काका गाडी न्यायला आले. मागचं काम बघितलं, मग डावीकडे आले. दरवाजावर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले. "छान केलंत," एवढंच म्हणाले आणि गेले. त्यांना आता पूर्वीसारखं खुलून बोलायला जमत नसेल, असं आम्ही समजलो.

दोन आठवड्यांनी काका परत आले. दाढी वाढलेली.

"सलीमभाई, तो डेंट परत घालता येईल का?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग काकांनी सांगितलं. पार्किंगमध्ये सगळ्या गाड्या पांढऱ्याच. काकूंना नंबर आठवत नाही, गाडीचा रंगही आठवत नाही. त्या एकेका गाडीच्या दरवाजावरून हात फिरवत जायच्या. खड्डा हाताला लागला की थांबायच्या आणि म्हणायच्या, "ही आपली." आता खड्डाच नाही. काकांनी दार उघडून दिलं तर म्हणाल्या, "परक्याच्या गाडीत नाही बसायचं." रिक्षा नको, कॅब नको. दर रविवारी तळेगावला मुलीकडे जायच्या, तिथे पोटभर जेवायच्या, नातवाशी खेळायच्या. तेवढंच त्यांचं बाहेर पडणं होतं, तेही आता बंद झालं.

सलीमभाई स्टुलावर बसले. चेहरा पार उतरला होता.

"साहेब, जिंदगी गेली खड्डे काढण्यात. घालायचा कसा, ते कुणी शिकवलंच न्हाई!"

काका हसले. आम्हीही हसलो.

शेवटी मागचा ढीग कामाला आला. जुने दरवाजे ओढून काढले आणि सलीमभाई त्यांच्यावर डेंट पाडायला शिकू लागले. काका डोळे मिटून एकेक खड्डा हाताने तपासायचे.

"नाही. हा टेम्पोवाल्याचा वाटतो."

दुसरा दरवाजा.

"हा फार रागातला आहे. ती रागात नव्हती हो. घाबरली होती."

तिसरा.

"अजून हळू. तिने ब्रेक लावला होता, सलीमभाई. फक्त जरा उशिरा लावला."

दुपारची संध्याकाळ झाली. ढिगातले दरवाजे संपत आले. मग एका दरवाजावर काकांचा हात थांबला. त्यांनी डोळे उघडले नाहीत, नुसती मान हलवली. सलीमभाईंनी हातोडीला मऊ फडकं गुंडाळलं, गाडीपाशी गेले, बिस्मिल्ला म्हणाले आणि स्वतःच रंगवलेल्या दरवाजावर हात उचलला. मी तिकडे बघितलं नाही.

रविवारी सकाळी गाडी पोचवायला आम्ही दोघंही प्राधिकरणात गेलो. पार्किंगमध्ये पांढऱ्या गाड्यांच्या रांगेत ती लावली आणि बाजूला उभे राहिलो. सलीमभाई तर खांबाच्या आडच गेले. काका काकूंना घेऊन खाली आले आणि जिन्यापाशी त्यांनी काकूंचा हात सोडला.

काकू एकेका गाडीपाशी थांबत आल्या. हात फिरवायच्या आणि पुढे जायच्या. आमच्या गाडीवरून हात फिरला, हँडलखाली आला आणि थांबला. बोटं आत गेली. काकूंनी हात काढून घेतला. परत ठेवला.

मग त्यांनी स्वतःच दार उघडलं आणि आत बसल्या. पदर आवरून घेतला. काका घाईघाईने दुसऱ्या बाजूने येऊन बसले आणि गाडी चालू केली. गाडी खांबाजवळ आली तशी डावीकडची काच खाली झाली. काकू सलीमभाईंकडे बघत होत्या. ओळख लागली होती की नाही, देव जाणे.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तेवढा डेंट राहिला हं!"

यावर काकांनी बोलायचं असायचं. काका दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत बसले. सलीमभाई खांबाआडून पुढे आले, टोपी सारखी केली आणि म्हणाले,

"पुढच्या येळी, भाभी. पक्का!"