उजवीकडचा मॉनिटर

तळघरातल्या त्या दुकानाला खिडकी नव्हती. भर दुपारीही ट्यूबलाइट लावावी लागे, आणि भिंतीभर खिळ्यांना टांगलेल्या काळ्या केबली पंख्याच्या वाऱ्याने सावकाश हलत राहत. नवखं गिऱ्हाईक दारातच थबकायचं. मालकीण मात्र एकोणीस वर्षं तिथे एकटी बसून मजेत शब्दकोडी सोडवत आली होती. भीतीबिती ही रिकामटेकड्यांची थेरं, असं तिचं मत. तिला सगळे पिनमावशी म्हणत, कारण कोणी ‘स्क्रीनला लावायची वायर द्या’ म्हणालं की ती आधी विचारी, ‘‘पिना किती?’’ उत्तर आलं नाही तर माणसाला सरळ घरी पिटाळी.

केबलीचं एक टोक माहेर आणि दुसरं सासर, असं तिचं शास्त्र होतं. माहेर म्हणजे लॅपटॉप, सासर म्हणजे मॉनिटर. दोघांचं जुळत नसेल तर मध्ये अडॅप्टर नावाची एक समजूतदार जाऊ घालायची. आणि दुकानात चित्र उमटल्याशिवाय केबल विकायची नाही. ‘‘घरी जाऊन बोंब मारण्यापेक्षा इथेच मारा,’’ असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगे.

एका सकाळी एक म्हातारे गृहस्थ कठड्याला धरत जिना उतरून आले. चित्रकलेचे निवृत्त मास्तर. बगलेत लॅपटॉप होता. त्यांनी खिशातून कागदाची घडी काढून काउंटरवर उलगडली. घरच्या जुन्या मॉनिटरची मागची बाजू पेन्सिलीने काढलेली: निमुळतं भोक, दोन बाजूंना स्क्रू, आत ठिपक्यांच्या तीन ओळी. मावशीने ठिपके मोजले. बरोबर पंधरा.

‘‘समोर ठेवून काढलंत?’’

‘‘नाही हो. बसमध्ये बसल्या बसल्या, आठवून.’’

मावशी चाट पडली. ‘‘व्हीजीए आहे हा, जुन्या पद्धतीचा. पण मोठा पडदा कशाला हवाय?’’

मास्तर जरा घुटमळले. ‘‘पत्र लिहायला घेतलं ना, की ते अख्खं पत्रच उजवीकडे सरकतं नि पडद्याबाहेर नाहीसं होतं. मी हातसुद्धा लावलेला नसतो. मुलीला सांगितलं, तर म्हणते, बाबा, तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय. परवा येतेय ती. मला वृद्धाश्रमात ठेवणार. घराला गिऱ्हाईकही बघून ठेवलंय तिने. म्हटलं, मोठ्या पडद्यावर नीट काम करून दाखवलं, तर निदान राहू देईल मला घरात.’’

कोणाची कणव आली की मावशी जास्तच खेकसे. ‘‘आणा इकडे तो लॅपटॉप.’’ तिने तो उघडून चालू केला.

एका बाजूला टाइप-सीचं भोक होतं, पण ते नुसतं चार्जिंगचं निघालं, चित्राच्या नावाने शून्य. दुसरं एचडीएमआयचं, म्हणजे मॉनिटरला चित्र पाठवणारं. त्यात अंगठ्याच्या पेराएवढं काळं बूच बसवलेलं.

‘‘हे काय?’’

‘‘धूळ जाऊ नये म्हणून. मुलीनेच लावून दिलंय. काढू नका म्हणालीय.’’

मावशीने बूच उपटलं. लॅपटॉपचा पडदा एकदा लुकलुकला. तिने बूच उलटं करून पाहिलं आणि तिचा हात तसाच राहिला. आत पिना होत्या. धुळीच्या बुचाला पिना कशाला हव्यात? ही चीज तिने आजवर दोनदाच विकली होती, जिथे कॉम्प्युटरपुढे माणूस बसत नाही अशा ऑफिसांना. तिला ना वायर, ना पडदा. ती लॅपटॉपला एवढंच सांगते, की मॉनिटर जोडलेला आहे. लॅपटॉप बिचारा विश्वास ठेवतो आणि खोलीतल्या कोणालाच न दिसणारा एक पडदा उजवीकडे मांडून बसतो.

‘‘मास्तर, तुमचं डोकं ठणठणीत आहे. पत्र खरंच तिकडे जात होतं.’’

‘‘पण ओढत कोण होतं?’’

मावशीने एचडीएमआयचं व्हीजीए करणारा अडॅप्टर खोचला, त्याला केबल लावली, दुकानातला मॉनिटर चालू केला. इतके दिवस उजवीकडे जे दडून होतं, ते समोर उभं राहिलं.

मॉनिटरवर तिचंच दुकान दिसत होतं. हलणाऱ्या केबली, पंखा, आणि वाकून पाहणारी दोन माणसं. मावशीने हात वर केला. पडद्यातल्या बाईने तो जरा उशिराने वर केला. लॅपटॉपचा कॅमेरा चालू होता, आणि त्याच्या दिव्यावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवलेला होता. मावशीच्या अंगावर सरसरून काटा आला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच तिला मागे वळून पाहावंसं वाटलं.

शेजारी एक यादी उघडी होती. मास्तर चष्मा लावून हळू आवाजात वाचू लागले. ‘गॅस बंद आहे का, दोनदा उठून पाहिलं. दुपारी खुर्चीत झोपले, पन्नास मिनिटं. पत्र उजवीकडे ओढलं. तासभर शोधत होते. रडले.’

‘‘फोनवर विचारायची, बाबा, आज दुपारी झोपलात ना? मला वाटायचं, लेकीचा जीव आहे, तिला आपोआप कळतं,’’ मास्तर म्हणाले.

तेवढ्यात यादीच्या खाली अक्षरं उमटायला लागली. कीबोर्डला कोणाचा हात नव्हता; नेटवरून, दुरून कोणीतरी लिहीत होतं. ‘आज लॅपटॉप घेऊन बाहेर पडले. कुठल्यातरी दुकानात आहेत. सोबत एक बाई.’ मग जरा थांबून: ‘बूच काढलंय.’

दोघंही जागच्या जागी खिळली. माउसचा बाण सरकत यादीच्या वर गेला आणि एकेक ओळ पुसली जाऊ लागली.

मावशी भानावर आली. लॅपटॉपच्या कडेला खोचलेला नेटचा डोंगल तिने हिसका देऊन उपटला. बाण होता तिथेच थिजला. सतरा ओळी उरल्या होत्या.

‘‘या राहू द्या अशाच. परवा तिच्यासमोर ठेवा. मी येते हवं तर,’’ मावशी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

मास्तरांच्या खिशात फोन वाजला. मुलगी.

‘‘उचलू नका!’’

मास्तरांनी उचलला. आवाज गोड होता आणि इतका स्पष्ट, की शेजारी उभ्या मावशीलाही शब्द न् शब्द ऐकू आला. ‘‘बाबा, कुठे आहात? घाबरलात का? तुम्हाला काही भलतंच दिसायला लागलंय का?’’

मास्तरांनी फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला.

‘‘सतरा ओळी दिसताहेत, बाळ. वाचून दाखवतो. मी कुठे चुकलो, तर सांग.’’

पलीकडून फोन ठेवला गेला नाही. मास्तर मॉनिटरच्या आणखी जवळ सरकले आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागले.