बऱ्हाणपूरचा कागद, जळगावचं कुलूप

वकिलीची सनद मिळून मला वर्षही झालं नव्हतं. जळगावच्या कोर्टात काळा कोट घातलेली बाई तेव्हा विरळाच, त्यामुळे माझ्याकडे येणारे पक्षकार बहुतेक वडिलांच्या ओळखीतले. त्यांतलेच एक भुसार मालाचे व्यापारी, जोडीला परवान्याची सावकारी करणारे. पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं जैन घर. आम्ही त्यांना शेठजी म्हणायचो. एका सकाळी ते हातात नोटीस घेऊन आले आणि म्हणाले, “ताई, माझ्या गोदामात सिनेमाचं मशीन आहे. बऱ्हाणपूरचा एक शेठ म्हणतो, त्याच्यावर पहिला हक्क माझा.”

मशीन होतं एका टुरिंग टॉकीजवाल्याचं. यात्रांमध्ये तंबू ठोकून तो सिनेमे दाखवायचा. आधी त्याने बऱ्हाणपूरच्या शेठकडून उसनवार केली आणि मशीन नजरगहाण लिहून दिलं, म्हणजे हक्क शेठचा, पण मशीन टॉकीजवाल्याकडेच. मग पावसाळ्यात धंदा बसला तेव्हा तेच मशीन त्याने आमच्या शेठजींकडे गहाण टाकलं. शेठजींनी ते गोदामात ठेवून कुलूप लावलं. पहिल्या कागदाची त्यांना गंधवार्ता नव्हती.

नोटिशीत लिहिलं होतं की कागद बऱ्हाणपुरात झाला, म्हणून मध्य प्रदेशचा कायदा लागू आणि दावाही तिकडेच चालणार. शेठजी म्हणाले, “वस्तू माझ्या कुलुपात. मग कायदा इथला नको का?” मी होकारार्थी मान हलवली खरी, पण मला नक्की ठाऊक नव्हतं.

मी एसटीने धुळ्याला गेले. तिथे माझे मामा होते, नुकतीच वकिली सोडलेले. ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. सगळं ऐकून त्यांना फारच आनंद झाला. म्हणाले, “इतकी गोड केस मला चाळीस वर्षांत मिळाली नाही.” मग शेंगांचं सूप बाजूला सारून मला समजावू लागले.

“गहाणाचा कायदा देशभर एकच. तिथे तुमचं भांडण नाही. पण सावकारीचा परवाना ज्याच्या त्याच्या राज्याचा. त्या शेठकडे तिकडचा परवाना असेल, इकडचा नसणार. इकडचा कायदा लागला तर त्याचा दावा लंगडा.”

“पण कागद तर तिकडे झाला, मामा.”

“कागद कुठे झाला ते राहू दे. हलवता येणाऱ्या वस्तूवर हक्क बसवला, त्या दिवशी वस्तू कुठे उभी होती? माझ्या मते आधी ते बघायचं. तू ते विचारलंस का?”

मी विचारलं नव्हतं. परतीच्या गाडीत पारोळ्यापर्यंत मला स्वतःवरच हसू येत होतं.

पुढच्या आठवड्यात बऱ्हाणपूरचे शेठ स्वतःच जळगावला आले. गोरेपान, मोठ्या मिशांचे, बोलायला दिलदार. शेठजींच्या दुकानात आम्ही सगळे बसलो. टॉकीजवाला दाराशी पोत्यावर टेकला होता. मामाही हौसेने आले होते, पण तोंड उघडणार नाही असं त्यांनी मला बजावलं होतं.

“शेठ,” मी विचारलं, “मशीन न बघताच कागद केलात?”

“न बघता कसा करीन, बाई? मी इथे जवळच, असोद्याला आलो होतो. तंबूत बसून अख्खा खेळ बघितला. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. दुसऱ्या दिवशी हा माझ्या पेढीवर आला आणि सही केली.”

मी टॉकीजवाल्याकडे वळले. “आणि सही केली त्या दिवशी मशीन कुठे होतं?”

“असोद्याले व्हतं, ताई. तंबू, इंजिन, बठ्ठं तठेच. संध्याकाळी येऊन मी खेळ लावला.”

मामा खिडकीबाहेर बघू लागले. हसू दाबताना ते नेहमी तसंच करायचे. मी शांतपणे सांगितलं की मशीन त्या दिवशी महाराष्ट्रात होतं, तेव्हा इथलाच कायदा पुढे करता येईल, आणि इथे त्यांचा परवाना चालणार नाही. शेठनी मिशीवरून हात फिरवला. “म्हणजे मी हरलो?”

“कोर्टात गेलात तर बहुतेक,” मी म्हणाले. “पण जिंकून आमच्या शेठजींना तरी काय मिळणार? कुलुपातलं मशीन कमावत नाही.”

हे मी ठरवून बोलले नव्हते. टॉकीजवाला पुढे सरकून म्हणाला, “यात्रा तोंडावर आल्या. मशीन द्या, दोघांचं फेडतो.”

चहा आला, दुसऱ्यांदाही आला. अखेर ठरलं ते असं: मशीन टॉकीजवाल्याने चालवायचं, पण ते शेठजींच्याच ताब्यातलं समजायचं, त्यांचा माणूस तंबूत बसेल, आधी त्यांचं फिटेल, मग बऱ्हाणपूरच्या शेठचं. मशीन तापीपलीकडे, बऱ्हाणपूरच्या बाजूला, न्यायचं नाही, आणि पुढे वाद झालाच तर तो जळगावच्या कोर्टात. शेवटच्या अटीवर बऱ्हाणपूरचे शेठ थोडे अडले. मामांना राहवलं नाही. “अहो, सिनेमा बघायला जळगावला येताच. कोर्टालाही या.” शेठ खो खो हसले आणि सही केली.

पहिला खेळ मेहरूणच्या तलावाजवळ लागला. दोन्ही शेठ सर्वांत पुढे खुर्च्यांवर, मामा आणि मी मागे सतरंजीवर. मध्येच रीळ तुटलं, अंधार झाला, लोक शिट्ट्या मारू लागले. दोन्ही शेठ एकदमच उठले, मशीनकडे गेले आणि एका सुरात टॉकीजवाल्याला बजावू लागले, “हळू हात लाव रे, हळू.”