जाड तार पुरली?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर बहुतेक वेळा पाण्याच्या टाकीचे नाहीतर पार्किंगचे मेसेज असतात, म्हणून मी तो म्यूट करून ठेवलेला. दिनकरकाका गेल्याचं त्यामुळे मला तासाभरानं कळलं, नाशिकरोडला रिक्षातून उतरताना. पहिला विचार काय आला ते लिहायला लाज वाटते... त्यांना खरं सांगायचं राहून गेलं.

काका आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. मूळचे सायखेड्याचे, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात फिटर होते आणि तरुणपणी लग्नांच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे. माझ्याकडे बेस आहे हे त्यांना छतातून कळलं. ते दारात आले तेव्हा तक्रार करायला आलेत असं समजून मी आधीच सॉरी म्हणून टाकलं. "सॉरी कशाला? तारा मेल्यात तुझ्या. खाली डबा बडवल्यासारखं ऐकू येतं," ते म्हणाले. माझे हात लहान, म्हणून बेस आखूड मानेची. दुकानात बोलायला नको म्हणून मी ऑनलाइन नव्या तारा मागवून ठेवल्या होत्या, त्या नेमक्या लांब मानेच्या निघाल्या. काकांनी मोजपट्टी लावून दाखवलं आणि माप आपल्या वहीत टिपून घेतलं. तार खुंटीपर्यंत पोचण्याआधी बारीक व्हायला हवी. माझ्या तारेचा जाड भागच खुंटीवर येत होता. "हा गुंडाळायला गेलीस की तुटलीच. दुकानात का नाय विचारलं?" मी म्हटलं, भीती वाटली. "दुकानदार चावतो का गं?"

मग त्यांनी शिकवलं. खुंटीपलीकडे अर्धी वीत तार सोडायची, तिथे काटकोनात वाकवायची आणि मगच कापायची. न वाकवता कापली तर तारेवरचं वेटोळं सैल होतं, आवाज मरतो. "आणि दर वेळी स्वतः मोजायचं. मी सांगितलं असलं तरी."

काकांचा आजार कळला त्यानंतर त्यांनी काकूंबरोबर नव्या तारांचं पाकीट वर पाठवलं, आखूड मानेच्या. ते माझ्या टेबलावर तसंच पडून राहिलं. एक चुकीचा काप आणि तार वाया, एवढ्याच भीतीनं. हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "लावल्या का तारा?" मी हो म्हणाले. "जाड तार पुरली?" "हो, पुरली." "मग ऐकव." रविवारी ते घरी येणार होते...

काका गेल्यावर तीन आठवड्यांनी मी पाकीट उघडलं. चारही तारांवर पांढऱ्या इन्सुलेशन टेपचा एकेक तुकडा होता. कुठे कापायचं त्याच्या खुणा. माझ्या बेसचं माप त्यांच्या वहीत होतं, त्यावरून केलेल्या. तीन तारा बरोबर बसल्या. चौथी, सगळ्यात जाड, मी खुंटीपर्यंत ओढून धरली तर खूण बरोबर खुंटीवरच येत होती. तिथे कापली असती तर एक वेढाही बसला नसता. मी पुन्हा मोजलं, मग परत एकदा. काका चुकले, हे मान्य करायला मन तयार होईना. तेव्हा कुठे त्यांचा तो प्रश्न मला कळला. खूण करताना आपला हात थरथरला होता हे त्यांना आठवत असणार, आणि मी सरळ पुरली म्हणून सांगितलं. त्यांना हायसं वाटलं, की मी पाकीट उघडलेलंच नाही हे कळलं? दोन्हींतलं काय खरं, ते मला आता कधीच कळणार नाही.

त्यांची खूण सोडून मी पुढे अर्धी वीत मोजली. वाकवली. कापली. खुंटी फिरवताना टेपचा तो तुकडा आधी काढावा असं वाटलं होतं, पण नाही काढला. तारेबरोबर तोही गुंडाळला गेला. आता वाजवायला बसले की डावीकडे खुंटीवर पांढरी कड दिसते, आणि मी आधी जाड तार छेडते, जरा जोरातच, खाली ऐकू जाईल अशी.

पुरली, काका.